आईचं ऑपरेशन २४० पेपरवाल्या सर्जनकडे करायचं की ११ पेपरवाल्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे की आईला रेक्टमचा म्हणजे गुदाशयाचा कॅन्सर निघालाय, दोन सर्जनची नावं समोर आलीत, एकाच्या नावावर इंटरनेटवर २४० रिसर्च पेपर दिसतात आणि दुसऱ्याच्या नावावर फक्त ११, तर ज्याचे पेपर जास्त तो सर्जन जास्त चांगला असं धरायचं का, आणि हे पेपर बघून डॉक्टर नसलेल्या माणसाला नक्की कळणार काय.

मी २२ वर्षं कॅन्सर सर्जरी करतेय, स्वतः पेपर लिहिलेत, जर्नलसाठी दुसऱ्यांचे तपासलेत, आणि जवळच्या माणसांना कुठल्या सर्जनकडे पाठवायचं हे ठरवायची वेळही अनेकदा आलीय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी सरळ उत्तर देऊन टाकते, आकड्यावरून ठरवू नका. २४० मध्ये वाईट काही नाही, ११ मध्येही नाही, पण दोन्ही आकडे ऑपरेशन टेबलवर काय होणार हे सांगत नाहीत. मात्र त्या यादीच्या आत डोकावलं तर बरंच काही समजतं, आणि त्यासाठी डॉक्टर असायची गरज नाही.

पहिलं म्हणजे २४० होतात कसे ते बघा. प्रोफाइलवर जे काही छापून आलंय ते सगळं एकाच मापाने मोजलं जातं. कुणाला विचित्र जागी गाठ आली, तिचं दोन पानी वर्णन म्हणजे केस रिपोर्ट, तो एक पेपर. दुसऱ्याच्या लेखावर संपादकाला पाठवलेलं पत्र, तो एक. इतरांचं काम वाचून लिहिलेला आढावा, तोही एक. आणि दहा वर्षं राबून शेकडो पेशंटची ट्रायल पूर्ण केली तर तोही एकच. केस रिपोर्ट टाकाऊ असतात असं मी म्हणत नाही, शिकताना आम्ही सगळे तिथूनच सुरुवात करतो, आणि प्रमोशनसाठी संख्या लागते म्हणूनही पुष्कळ लिहिले जातात, मीही लिहिलेत. पण पेशंटच्या दृष्टीने तो वेगळा माल आहे. यादीतले वीस-पंचवीस मथळे नुसते वाचून काढा, इंग्रजी अवघड वाटलं तरी रेक्टम किंवा रेक्टल हा शब्द किती वेळा येतो ते तर दिसेलच. २४० पैकी २०० थायरॉइड आणि ब्रेस्टवर असतील तर तुमच्या आईच्या बाबतीत त्या माणसाचे पेपर २४० नाहीतच.

दुसरं, नाव कुठे आहे ते बघा. आमच्याकडे साधारण पद्धत अशी की पहिलं नाव ज्याने प्रत्यक्ष घाम गाळला त्याचं, शेवटचं नाव ज्याच्या डोक्यातून आणि देखरेखीखाली काम झालं त्या सिनियरचं, मधली नावं बाकी टीमची. मधलं नाव म्हणजे काम केलं नाही असं नव्हे, पण माणूस कायम मध्येच असेल तर प्रश्न त्याचा नव्हता, तो दुसऱ्याच्या प्रश्नात सामील झाला. मोठ्या गटाने केलेल्या कामात तर ही यादी कुठल्या कुठे जाते. २०२१ मध्ये ऑपरेशनच्या आधी कोविडची लस देण्यावर जगभरच्या सर्जननी मिळून एक पेपर केला, त्यावर १५,०२५ लेखक होते, गिनीजमध्ये त्याची नोंद आहे. काम मोलाचं होतं, ११६ देशांतल्या १,४०,२३१ पेशंटची माहिती त्यात होती, पण त्या पंधरा हजारांतल्या प्रत्येकाच्या प्रोफाइलवर तो 'एक पेपर' म्हणून बसला. जर्नलच्या संपादकांचा नियम खरं तर कडक आहे, कल्पनेत किंवा माहिती गोळा करण्यात खरा वाटा हवा, लिहिण्यात हवा, शेवटची प्रत मंजूर केलेली हवी आणि चूक निघाली तर उत्तर द्यायची तयारी हवी, चारही गोष्टी हव्यात. तरी विभागप्रमुख आहेत म्हणून नाव टाकलं असं घडतं, आणि ज्या ज्युनियरने रात्री जागून फाइली उपसल्या त्याचं नाव मागे ढकललं जातं, मला याचा आजही राग येतो.

एच-इंडेक्स नावाचा आकडाही दिसेल तुम्हाला. तो हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढला. एच-इंडेक्स २० म्हणजे त्या माणसाचे २० पेपर असे आहेत की प्रत्येकाचा उल्लेख इतरांनी निदान २० वेळा केलाय. कल्पना चांगली आहे, पण हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, कमी कधी होत नाही, आणि ज्या विषयावर जगात हजारो लोक लिहितात त्यात तो भरभर चढतो, सार्कोमा म्हणजे हाडं-स्नायूंसारख्या भागांतला दुर्मिळ कॅन्सर, त्यावर आयुष्य घालवणाऱ्याचा बिचाऱ्याचा चढत नाही. शिवाय सारख्या नावांचा घोळ असतो, एकाच नावाच्या चार डॉक्टरांचे पेपर एका प्रोफाइलवर जमा झालेले मी पाहिलेत, त्यातला एक तर दातांचा डॉक्टर होता. म्हणूनच २०१२ पासून ऑर्किड नावाचा ओळख क्रमांक सुरू झाला, तो असेल तर यादी त्याच माणसाची आहे याची बऱ्यापैकी खात्री धरता येते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, सर्जनचं चांगलं रिसर्च म्हणजे काय. आईला रेक्टमचाच आजार आहे तर त्याच आजाराचं उदाहरण घेऊ, कारण ते मला फार जवळचं आहे. इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोक नावाच्या लहान गावात बिल हील्ड नावाचे सर्जन होते. तेव्हा रेक्टमचा कॅन्सर काढल्यावर ओटीपोटात तो परत येणं ही मोठी डोकेदुखी होती आणि लोक ते आजाराचं नशीब समजत. हील्ड यांनी १९८२ मध्ये एक छोटा पेपर लिहिला, त्यात पाच पेशंट दाखवले होते ज्यांच्या रेक्टमभोवतीच्या चरबीत, मुख्य गाठीच्या कित्येक सेंटिमीटर खाली, कॅन्सरचे बारीक कण सापडले होते. नेहमीच्या ऑपरेशनमध्ये ही चरबी बरीचशी आतच राहायची. त्यांचं म्हणणं असं की रेक्टम आणि त्याभोवतीचं चरबीचं वेष्टण, ज्याला आम्ही मेसोरेक्टम म्हणतो, ते अख्खं, न फाडता, डोळ्यांनी बघत धारदार कात्रीने सोडवून काढा, हाताने ओरबाडून नको. असं ऑपरेशन केलेल्या ज्या ५० पेशंटचा दोन वर्षांहून जास्त फॉलो-अप झाला होता त्यांच्यात ओटीपोटात एकालाही कॅन्सर परत आलेला नव्हता. चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेली ट्रायल नाही, हजारो पेशंट नाहीत, पण आज तुमच्या आईवर जे ऑपरेशन होईल ते याच विचारातून आलेलं आहे.

आणि गोष्ट पेपरवर थांबली नाही म्हणून ती मोठी झाली. हील्ड आणि त्यांच्याकडून शिकलेल्यांनी इतर देशांत जाऊन सर्जनसमोर ऑपरेशन करून दाखवलं. मग डच लोकांनी १,८६१ पेशंटची ट्रायल केली, तिच्यात आधी सर्जनना ही पद्धत नीट शिकवली आणि मग विचारलं की ऑपरेशन इतकं चांगलं झालं तर आधी रेडिएशन द्यायची अजून गरज उरते का. २००१ मध्ये निकाल आला, दोन वर्षांत त्याच जागी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण नुसत्या ऑपरेशनमध्ये ८.२ टक्के आणि आधी थोडं रेडिएशन दिलं तर २.४ टक्के. म्हणजे रेडिएशनचा फायदा होताच, पण नुसत्या चांगल्या ऑपरेशनचा आकडाही पूर्वीच्या मानाने कितीतरी खाली आला होता. मला सर्जरीचं रिसर्च वाचताना हेच बघायला आवडतं, की प्रश्न टेबलवर, पोट उघडलेलं असताना सुचलाय का, आणि उत्तर परत दुसऱ्यांच्या हातात पोचलं का.

आता धोक्याची बाजू. बहुतेक सर्जनचे बहुतेक पेपर मागे वळून बघणारे असतात, म्हणजे जुन्या फाइली काढायच्या आणि अमुक ऑपरेशन झालेले पेशंट किती जगले ते मोजायचं. यात फसायला फार सोपं आहे, फसवायचा हेतू नसला तरी. ब्रेस्ट कॅन्सर शरीरभर पसरलेल्या बायकांचं बघा. किती तरी पेपरमध्ये आलं होतं की पसरलेला असला तरी ब्रेस्टमधली मूळ गाठ काढली तर त्या बायका जास्त जगतात. पण गाठ कुणाची काढली जायची? जिची तब्येत बरी, जिचा आजार कमी पसरलाय, जिला औषधं लागू पडलीत तिची. म्हणजे जी तशीही जास्त जगणार होती तिचंच ऑपरेशन व्हायचं आणि श्रेय सुरीला जायचं. मग मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या टीमने ३५० बायकांची ट्रायल केली, कुणाचं ऑपरेशन करायचं ते डॉक्टरने ठरवायचं नाही, चिठ्ठी ठरवेल. २०१५ मध्ये निकाल आला, जगण्यात फरक नाही, ऑपरेशनच्या गटात निम्म्या बायका १९.२ महिन्यांपर्यंत जगल्या, ऑपरेशन न केलेल्या गटात २०.५. एका सर्जनने ट्रायल करून सांगितलं की इथे ऑपरेशनने आयुष्य वाढत नाही, याला मी फार मानते, कारण आपल्याच हातातलं काम कमी करणारं उत्तर छापायला मन मोठं लागतं.

दुर्बिणीचीही अशीच गोष्ट आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी दुर्बिणीने किंवा रोबोटने गर्भाशय काढणं वर्षानुवर्षं वाढत चाललं होतं, छोटी जखम, कमी रक्त, लवकर घरी, आणि जुन्या फाइलींवरचे पेपर सांगत होते की कॅन्सरच्या बाबतीतही निकाल सारखाच. सगळ्यांना, मलाही, ते खरं वाटत होतं. मग ह्यूस्टनचे पेद्रो रामिरेझ आणि ३३ केंद्रांनी मिळून ६३१ बायकांची ट्रायल केली आणि २०१८ मध्ये निकाल आला तेव्हा आम्ही सुन्न झालो. साडेचार वर्षांनी कॅन्सर परत न येता असलेल्या बायका पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात ८६. ट्रायल मध्येच थांबवावी लागली होती. म्हणून कुणाच्या यादीत 'नवीन तंत्राचा आमचा अनुभव' अशा मथळ्याचे वीस पेपर दिसले तर त्याने दिपून जाऊ नका, त्यातून एवढंच कळतं की त्यांना ते तंत्र करता येतं, ते तुमच्या आजाराला बरं आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. रेक्टममध्ये दुर्बीण आणि रोबोट आज भरपूर वापरतात आणि योग्य पेशंटमध्ये वापरायला माझीही ना नाही, पण कुठल्या पेशंटमध्ये वापरणार नाही हे त्या सर्जनने सांगता आलं पाहिजे.

अजून एक सापळा सांगते, कारण तो पेशंटच्या नातेवाइकांना हमखास फसवतो. 'आमच्याकडे स्टेज एकचे पेशंट पूर्वी इतके जगायचे, आता जास्त जगतात, स्टेज तीनचेही जास्त जगतात.' वाटतं, वा, काय प्रगती. पण मधल्या काळात स्कॅन चांगले झाले. पूर्वी जो पेशंट स्टेज एक म्हणून धरला जायचा, त्याच्यातल्या काहींमध्ये लपलेल्या गाठी आता दिसतात आणि तो स्टेज तीनमध्ये जातो. स्टेज एकमधून आतून आजारी असलेले निघून गेले म्हणून तिथलं सरासरी आयुष्य वाढलं, आणि स्टेज तीनमध्ये आधीच्यांपेक्षा बरे पेशंट आले म्हणून तिथलंही वाढलं, प्रत्यक्षात एकही माणूस एक दिवससुद्धा जास्त जगलेला नसतो. म्हणून दोन काळांची किंवा दोन हॉस्पिटलांची तुलना वाचली की आधी बघायचं की मोजायची पट्टी तीच होती का.

कॅन्सर सर्जरीच्या इतिहासात मोठं रिसर्च पुष्कळदा कमी कापायचं होतं. हॉलस्टेड या अमेरिकन सर्जननी १८९४ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरचे आपले ५० पेशंट छापले, स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी सगळं एकत्र काढायचं, आणि पुढे सत्तर-ऐंशी वर्षं जगभर तेच ऑपरेशन होत राहिलं, किती बायकांचे हात आयुष्यभर सुजले त्याची मोजदाद नाही. बर्नार्ड फिशर या अमेरिकन सर्जननी १९७१ मध्ये त्यावर ट्रायल सुरू केली, १,६६५ बायका, २५ वर्षं फॉलो-अप, आणि तेवढं मोठं ऑपरेशन करून जगण्यात फायदा नाही हे दाखवलं. त्यांच्या पुढच्या ट्रायलने स्तन वाचवून नुसती गाठ काढणं मान्य झालं. त्या ट्रायलमध्ये मॉन्ट्रियलच्या एका सर्जनने काही पेशंटची माहिती खोटी भरल्याचं नंतर उघड झालं, केवढा गहजब झाला, पण त्याचे सगळे पेशंट वगळून हिशेब पुन्हा केला तरी निकाल तोच राहिला. अनेक केंद्रांत केलेल्या कामाचं हे बळ असतं, एक खांब किडका निघाला तरी घर उभं राहतं. एकाच माणसाच्या एकाच हॉस्पिटलच्या पेपरला हे संरक्षण नाही.

तुमच्या आईच्या आजारात कमी कापण्याचं काम साओ पावलोच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी केलं. रेडिएशन आणि केमो दिल्यावर काही पेशंटमध्ये गाठ पूर्ण विरघळलेली दिसायची, तरी ठरल्याप्रमाणे रेक्टम काढला जायचा, आणि काहींना शौचासाठी कायमची पोटावरची पिशवी लागायची. त्यांनी म्हटलं, गाठ उरलीच नाही तर थांबून बघू, दर थोड्या दिवसांनी तपासू. २००४ मध्ये त्यांनी २६५ पेशंट छापले, त्यातल्या ७१ जणांवर लगेच ऑपरेशन केलं नव्हतं. जगभरातून शंका आल्या, एकाच केंद्राचं काम आहे, धोका पत्करताय वगैरे. पण इतरांनी करून बघितलं, २०१८ मध्ये अनेक देशांची मिळून गाठ पूर्ण गेलेल्या ८८० पेशंटची नोंद छापून आली, साधारण चौघांत एकाला दोन वर्षांत तिथे गाठ परत उगवते, म्हणून तपासणी काटेकोर हवी, पण बाकीच्यांचा रेक्टम वाचतो. आज हा पर्याय योग्य पेशंटपुढे ठेवला जातो. एका सर्जनने ऑपरेशन न करण्यावर आयुष्य घालवलं, आणि मी शिकत असताना ते वाचून माझा स्वतःच्या कामाकडे बघायचा डोळाच बदलला.

पण दर वेळी कमीच बरं असतं असंही नाही हां. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेत गाठ हाताला लागत नसताना मान आधीच साफ करायची, म्हणजे तिथल्या लसिकाग्रंथी काढून टाकायच्या, की गाठ आल्यावर बघायचं यावर कित्येक दशकं वाद होता. टाटा मेमोरियलमध्येच डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमने ट्रायल केली, पहिल्या ५०० पेशंटचा हिशेब २०१५ मध्ये छापला, तीन वर्षांनी जिवंत असलेले आधीच मान साफ केलेल्या गटात ८० टक्के आणि वाट बघितलेल्या गटात ६७.५. प्रश्न किती साधा, रोज ओपीडीत पडणारा, आणि उत्तराने जगभर पद्धत बदलली. याला महागडं मशीन लागलं नाही, पेशंटला खरं काय ते सांगून विचारायची आणि वर्षानुवर्षं नोंदी नीट ठेवायची चिकाटी लागली.

चिकाटीवरून आठवलं, सर्जरीच्या पेपरमध्ये फॉलो-अप किती वर्षांचा ते नक्की बघा. पोटाच्या म्हणजे जठराच्या कॅन्सरमध्ये आजूबाजूच्या गाठी म्हणजे लसिकाग्रंथी कमी काढायच्या की जास्त यावर डच लोकांनी ७११ पेशंटची ट्रायल केली. सुरुवातीचा निकाल असा आला की जास्त गाठी काढलेल्या गटात ऑपरेशननंतर १० टक्के पेशंट दगावले, कमी काढलेल्या गटात ४, आणि जगण्यात फायदाही दिसेना, तेव्हा मोठं ऑपरेशन बंदच करावं असं बऱ्याच जणांना वाटलं. पण त्यांनी मोजणं सोडलं नाही. १५ वर्षांनी दिसलं की कॅन्सरने मेलेले जास्त गाठी काढलेल्या गटात ३७ टक्के आणि दुसऱ्या गटात ४८. म्हणजे ऑपरेशनची कल्पना चुकीची नव्हती, ते सुरक्षितपणे करायचा हात तिथे तेव्हा अजून तयार झाला नव्हता. गोळीच्या ट्रायलमध्ये हा प्रश्न येत नाही, गोळी सगळीकडे तीच असते, ऑपरेशन मात्र करणाऱ्यागणिक बदलतं, सर्जरीचं रिसर्च अवघड असतं ते बरंचसं यामुळे.

आणि याच कारणाने मी यादीत एक गोष्ट मुद्दाम शोधते, या माणसाने स्वतःचे वाईट निकाल कधी छापलेत का. कॉम्प्लिकेशन किती, पुन्हा टेबलवर किती जणांना घ्यावं लागलं, महिन्याभरात किती गेले. २००४ पासून यासाठी क्लाविएन-डिंडो नावाची पट्टी आहे, पाच पायऱ्यांची, पहिलीवर किरकोळ त्रास आणि पाचवीवर मृत्यू, त्यामुळे 'सौम्य' 'गंभीर' असे ज्याचे त्याचे शब्द चालत नाहीत. ज्याच्या पेपरमध्ये ही पट्टी वापरून साधा हिशेब दिलाय त्याच्याबद्दल माझा विश्वास लगेच वाढतो. स्वतःचं सांगते, प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मला कुणी विचारलं असतं की तुझ्याकडे कॅन्सरचा भाग काढून आतड्याची टोकं जिथे जोडतात ते जोड किती गळतात तर मी अगदी मनापासून 'क्वचित' म्हटलं असतं. मग एका ज्युनियरने सगळ्या फाइली ओळीने लावून मोजलं आणि मला वाटत होतं त्याच्या जवळपास दुप्पट निघालं. मी खोटं बोलत नव्हते, माणूस चांगलं लक्षात ठेवतो आणि वाईट धूसर होतं. तेव्हापासून वही ठेवते, प्रत्येक रेक्टमची ओळ, जोड कुठल्या उंचीवर, पिशवी दिली का, गळला का, पॅथॉलॉजीत कडा मोकळी आली का, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेवर कॅन्सर नव्हता ना. तो हिशेब आम्ही एका साध्या जर्नलमध्ये छापला, त्याचे उल्लेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण माझ्या सगळ्या पेपरमध्ये पेशंटला खरा उपयोग झालेला तोच, कारण त्यानंतर आम्ही खालच्या जोडांना पिशवी द्यायची पद्धत बदलली आणि गळती कमी झाली.

आता पेपर काय सांगू शकत नाहीत ते. हात सांगत नाहीत. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या नोंदी काढून २००२ मध्ये एक अभ्यास आला, स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन अगदी क्वचित करणाऱ्या हॉस्पिटलांत १६.३ टक्के पेशंट दगावत होते आणि भरपूर करणाऱ्यांत ३.८. प्रोस्टेट कॅन्सरच्या ७,७६५ पेशंटवर ७२ सर्जनच्या हातचा अभ्यास २००७ मध्ये झाला, ज्याने आधी १० ऑपरेशनं केलीत त्याच्या पेशंटमध्ये पाच वर्षांत आजार परत यायची शक्यता १७.९ टक्के, ज्याने २५० केलीत त्याच्याकडे १०.७. रेक्टमचे आकडे वेगळे असतील, पण दिशा हीच. तेव्हा ११ पेपरवाले डॉक्टर आठवड्याला रेक्टम करत असतील आणि २४० पेपरवाले महिन्याकाठी एखादा, तर मी माझ्या आईला कुठे नेईन हे वेगळं सांगायला नको. उलटंही असू शकतं, काही जण भरपूर लिहितात आणि भरपूर ऑपरेशनही करतात, आणि लिहायची सवय असलेल्याकडे नोंदी चोख असतात हा फायदा खरा आहे.

म्हणून दोघांनाही भेटा आणि सरळ विचारा, चांगला सर्जन याने दुखावत नाही. वर्षाला रेक्टमची किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः करता, जोड किती जणांचा गळतो, कायमची पिशवी किती जणांना लागते, ही केस तुमच्या ट्यूमर बोर्डात म्हणजे रेडिएशन, केमो, पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी सगळ्यांच्या बैठकीत जाणार का, आईला आधी रेडिएशन द्यायचं की नाही आणि का, आणि गाठ पूर्ण विरघळली तर थांबून बघायची तुमच्याकडे सोय आहे का. आकडा सांगताना समोरचा थोडा थांबला, वही किंवा कॉम्प्युटर उघडून बघितला, तर ते मला झटकन 'शून्य' म्हणणाऱ्यापेक्षा बरं वाटतं, रेक्टमचे खालचे जोड करणाऱ्या कुणाचाच गळतीचा आकडा शून्य नसतो. पेल्विसचा म्हणजे ओटीपोटाचा एमआरआय झाला नसेल आणि कुणी थेट ऑपरेशनची तारीख देत असेल तर मात्र थांबा, कारण गाठ मेसोरेक्टमच्या वेष्टणाच्या कडेपासून किती लांब आहे ते त्यातच दिसतं आणि आधी रेडिएशन हवं की नको हे बरंचसं त्यावर ठरतं.

दुसऱ्या मतासाठी जाताना एमआरआयच्या रिपोर्टचा नुसता कागद नेऊ नका, सीडी न्या, आणि बायोप्सीच्या स्लाइड व ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) लॅबमधून मागून घ्या, ते मिळतात, कारण नीट बघणारा डॉक्टर दुसऱ्याचा रिपोर्ट वाचून नाही तर इमेज आणि स्लाइड परत बघूनच मत देईल.